साडूभाऊंचा तिसरा

फुकट दिलेली वस्तू लोकांनी घ्यावी म्हणून त्यांच्या हातापाया पडणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. हे आधी कळलं असतं तर एरंडोलला मुलगी बघायला मी पाऊलसुद्धा टाकलं नसतं, असं मी बायकोला दर दिवाळीला ऐकवतो. ती म्हणते, ‘तुम्हाला बोलावलं तरी कुणी होतं?’ मग मी विषय बदलतो. कारण खरं सांगायचं तर त्या घरानं मला जे काही दिलं त्यात बायकोच्या खालोखाल मी साडूभाऊंना धरतो, आणि काही दिवशी क्रम बदलतोही.

साडूभाऊ धुळ्याचे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाले. त्यांची बायको ही माझ्या बायकोची मोठी बहीण, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. मी जळगावचा, शाळेत इंग्रजीचा मास्तर. आता मीही निवृत्त. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, गुडघ्याला तेल लावतात, सुनेच्या तक्रारी करतात. साडूभाऊ पॅकेज बांधतात. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं पापडाचा धंदा काढला. मी म्हटलं, ‘उडदाचे की नागलीचे?’ त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि पाऊण तास समजावलं. ‘भाऊ, रावेरकडं केळी पिकवणारा वेगळा आणि ट्रकमध्ये पाला अंथरून घड रचणारा वेगळा, बरोबर? रचणारा चुकला तर दिल्लीला केळी पोचत नाहीत, लगदा पोचतो. तसंच हे. प्रोग्राम लिहिणारा जगात कुठंतरी बसलेला असतो. मी फक्त तो नीट रचतो. त्याला सोबत काय काय लागतं, कोणत्या कॉम्प्युटरवर चालेल, कुणाला वापरायची मुभा आहे, सगळं लिहून त्याचा एक गठ्ठा करतो आणि मोठ्या भांडारात ठेवतो. ज्याला हवा त्यानं न्यावा. फुकट.’ ‘आणि तुम्हाला काय मिळतं?’ मी मास्तरकी सोडली नाही. साडूभाऊ म्हणाले, ‘चुका सांगणारी पत्रं येतात की!’

त्यांचा गठ्ठा एकच. कपड्यावर मशीननं भरतकाम करणारे असतात ना, ब्लाऊजच्या पाठीवर मोर, ओढणीच्या काठाला वेल, त्यांच्यासाठी. ती नक्षी आखायला एका कंपनीचा महागडा प्रोग्राम लागतो, तो कुलपात. यूएसबीला एक किल्ली लावली तरच उघडतो. साडूभाऊंच्या गठ्ठ्यातला प्रोग्राम त्याच्या शेजारी बसून काम करतो. कंपनीच्या प्रोग्रामात काढलेली नक्षी उघडतो, लहानमोठी करतो, रंग बदलतो आणि मशीनला कळेल अशा टाक्यांमध्ये उतरवून देतो. आता गंमत अशी, की त्या भांडारात मुक्त सॉफ्टवेअरचे काही सोवळे लोक आहेत. त्यांचं म्हणणं, कुलपातल्या मालाला टेकून उभं राहणारं हे पॅकेज आपल्या घरात नको. म्हणून त्याला एका वेगळ्या कप्प्यात ठेवलंय. साडूभाऊ त्या कप्प्याला ओसरी म्हणतात. ‘आपलं पॅकेज ओसरीवर बसतं, भाऊ. घरात नाही, रस्त्यावरही नाही. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायला ओसरीच बरी.’ इकडे धुळ्यातले भरतकामवाले म्हणायचे, ‘सर, फुकट आहे म्हणजे काहीतरी खोट असणारच.’ त्यापेक्षा कंपनीच्या प्रोग्रामची चोरटी कॉपी त्यांना जास्त विश्वासाची वाटायची. त्यावर मात्र साडूभाऊ चिडत. ‘ज्याचं कुलूप आहे ते त्याच्यापाशी राहू द्या. तोडायचं कशाला? आपलं आपण करू ना!’ असं म्हणत ते पेन ड्राइव्ह घेऊन दुकानोदुकानी हिंडत, आणि दुकानदार त्यांना चहा पाजून पेन ड्राइव्हसकट परत पाठवत.

या माणसाला ‘मी मान्य करतो’ हे बटन न वाचता दाबता येत नाही. तुम्ही-आम्ही कसे, डोळे झाकून दाबतो आणि पुढं जातो. साडूभाऊ वर जाऊन पहिल्या ओळीपासून सुरू करतात. बँकेचं ॲप त्यांच्या मोबाईलवर चार महिने अर्धवट पडून होतं, कारण अठराव्या कलमावर त्यांची शंका होती आणि मॅनेजरलाच ते कलम माहीत नव्हतं. पुतणीच्या लग्नाला मंगल कार्यालयाचे छापील नियम वाचत उभे राहिले आणि इकडे मंगलाष्टकं संपली. अक्का म्हणते, ‘माझ्याशी लग्न करताना बरं काही वाचलं नाहीत!’ त्यावर ते गंभीरपणे सांगतात, ‘तेव्हा दिलंच नव्हतं कुणी वाचायला.’

त्यांचं इंग्रजी तपासणं हे माझं काम. पॅकेजचं वर्णन एका ओळीत बसवायचं असतं, आणि त्या एका ओळीसाठी आम्ही दोघांनी एक संपूर्ण रविवार खाल्लेला आहे. त्यांचं तांत्रिक इंग्रजी उत्तम. पण भांडारातले सगळेच गठ्ठे तपासून चूक कळवणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला उत्तराच्या शेवटी ते लिहीत, की धुळ्याला आलात तर चहाला अवश्य या, बसस्टँडपासून रिक्षा मिळते. मी ते खोडायचो. ते पुन्हा घालायचे. ‘अहो साडूभाऊ, तो माणूस नॉर्वेत आहे!’ ‘असू द्या की. येणार नाही म्हणून बोलवायचं नाही, हे कुठल्या शाळेत शिकवता?’ मी कपाळावर हात मारला आणि रिक्षा तेवढी काढून टाकली.

आणि भरीत. नवी आवृत्ती तयार झाली की साडूभाऊंच्या गच्चीवर भरीत होतं, हा नियम. हिरवी पांढुरकी मोठाली वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, मग लाकडी बडगीत मिरची-लसणासकट ठेचून वरून कांद्याची पात. गल्लीत धूर दिसला की शेजारी विचारत, ‘काय सर, नवी आवृत्ती?’ त्यांना आवृत्तीतलं ओ की ठो कळत नसे, पण पुऱ्या घेऊन वर येत. आता ही वांगी चांगली मिळतात थंडीत. त्यामुळे साडूभाऊ नवी आवृत्तीही थंडीतच काढत. काम भाद्रपदात संपलं तरी गठ्ठा कार्तिकापर्यंत तसाच. भांडारावर देखरेख करणारे परदेशातले एक कडक गृहस्थ आहेत, साडूभाऊ त्यांना मोठे साहेब म्हणतात. त्यांनी एकदा विचारलं, तुमच्या सगळ्या आवृत्त्या हिवाळ्यातच का येतात? साडूभाऊंनी खरं ते लिहिलं, की त्या दिवसांत वांगी चांगली असतात. मी किती सांगितलं, असं लिहू नका! उत्तर एका ओळीचं आलं: मला आणखी काही विचारायचं नाही. एकदा भर वैशाखात प्रोग्राममध्ये एक धोक्याचं भगदाड सापडलं, ताबडतोब दुरुस्त आवृत्ती काढणं भाग पडलं. साडूभाऊंनी ती काढली. बाजारातून जांभळी वांगी आणली, गॅसवर भाजली, आणि आम्ही सगळ्यांनी सुतकात जेवावं तसं ते भरीत मुकाट्यानं खाल्लं.

आता तिसऱ्याची गोष्ट. त्या भांडारात अशी सोय आहे, की वापरणाऱ्यानं हो म्हटलं असेल तर त्याचं मशीन आठवड्यातून एकदा नाव-गाव न सांगता नुसतं कळवतं, की हे पॅकेज इथं आहे. साडूभाऊंच्या पॅकेजपुढं आकडा यायचा तीन. एक त्यांचं मशीन. दुसरं माझं, कारण माझ्या घरी येऊन, मला भरतकामातला भ सुद्धा येत नसताना, त्यांनी ते टाकून दिलं होतं. आणि तिसरा? तिसरा कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. जगात कुठंही असेल, ब्राझीलला असेल. पण साडूभाऊंनी मनाशी ठरवून टाकलं, की तो आपल्याकडचाच आहे. भावना अनावर झाल्या की ते अहिराणीवर येतात. मला फोन करून म्हणायचे, ‘भाऊ, हाऊ तिसरा कोन शे?’ एका वर्षी ईदच्या आठवड्यात आकडा दोनवर आला. साडूभाऊंना जेवण जाईना. ‘आजारी तर नसेल?’ पुढच्या आठवड्यात पुन्हा तीन झाले, तर अक्काला शिरा करायला लावला. अनोळखी माणसासाठी इतका जीव टाकणं मला तेव्हा येडेपणाचं वाटायचं, आणि तसं मी तोंडावर बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, ‘अकरा वर्षं बांधतोय, भाऊ. आपल्या दोघांसाठी बांधलं, असं नको व्हायला.’ बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात मोठ्या साहेबांचं पत्र आलं. कंपनीनं तिचा तो महागडा प्रोग्राम विकणं बंद केलंय, त्याला टेकलेलं तुमचं पॅकेज दोघातिघांपलीकडं कुणी वापरताना दिसत नाही, तरी महिन्याभरात एखाद्या खऱ्या वापरणाऱ्यानं दोन ओळी लिहून पाठवल्या तर ठेवू, नाहीतर काढून टाकू. भाषा सभ्य होती, त्यामुळे जास्तच लागली. मी म्हटलं, ‘मी लिहितो ना दोन ओळी! चार लिहितो!’ साडूभाऊंनी विचारलं, ‘तुम्ही वापरता?’ ‘नाही, पण...’ ‘मग?’ संपलं. खोटं बोलायची माझी तयारी होती, त्यांची नव्हती. मग सुरू झाला तिसऱ्याचा शोध. धुळं झालं, दोंडाईचा झालं, एरंडोलला सासुरवाडीच्या गावातसुद्धा मान खाली घालून हिंडलो. साडूभाऊंच्या हातात काळी बॅग, माझ्या हातात वही. प्रत्येक ठिकाणी नाही. आणि निघताना साडूभाऊ एका चिठ्ठीवर आपला पत्ता लिहून द्यायचे, खाली ‘चहाला अवश्य या’. रिक्षासकट.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पॅसेंजरनं बोदवडला गेलो. बाजारपेठेच्या मागं एका खोलीत भरतकामाचं दुकान होतं. काउंटरवर चाळिशीच्या एक बाई, डोक्यावर ओढणी, समोर चहाचा कप. साडूभाऊंनी बॅग काउंटरवर ठेवली आणि चष्मा नीट करत विचारलं, ‘ताई, तुमच्या कॉम्प्युटरवर अमुक एक प्रोग्राम आहे का?’ बाईंचा चेहरा उतरला. ‘कॉम्प्युटर? आमच्याकडं कॉम्प्युटरच नाही, साहेब.’ पडद्यामागं भरतकामाची मशीन खडखडखड चालू होती. टेबलावर काहीतरी चौकोनी, चादर टाकून झाकलेलं. आणि बाईंच्या कपाशेजारी माऊस! माझी नजर गेली तशी त्यांनी बशी उचलून त्या माऊसवर पालथी घातली. साडूभाऊंना काही दिसलं नाही. त्यांचं लक्ष भिंतीवर टांगलेल्या ओढणीवरच्या मोराकडं होतं. ‘सुंदर काम आहे हो ताई,’ म्हणाले, चिठ्ठी लिहून दिली आणि बाहेर पडले. मी ओळखलं, कंपनीच्या प्रोग्रामची चोरटी कॉपी असणार, आणि आम्हाला कंपनीचे तपासनीस समजून बाई घाबरल्या. गरिबाला कशाला उघडं पाडा, म्हणून मी स्टेशनपर्यंत तोंड उघडलं नाही. साडूभाऊ म्हणाले, ‘नाही म्हणाल्या ना, मग नाही.’ त्या बशीबद्दल त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. त्याची रुखरुख मला अजून आहे.

मुदत संपली. साडूभाऊंनी स्वतःच पत्र लिहिलं: मला माझा वापरणारा आणता आला नाही, पॅकेज काढून टाकावं. मी इंग्रजी तपासलं. चूक एकही नव्हती, आणि पहिल्यांदाच शेवटी चहाचं आमंत्रणही नव्हतं. ते मीच घातलं.

पॅकेज गेलं. आकडा दिसायचाही बंद झाला. थंडी पडली तरी धुळ्याच्या गच्चीवर धूर नाही. शेवटी अक्कानंच फोन केला, ‘या तुम्ही दोघं रविवारी. वांगी मी आणलीत. यांचं तोंड बघवत नाही.’ आम्ही गेलो. भर दुपारी गच्चीवर साडूभाऊ जाळापुढं बसून एकेक वांगं निमूटपणे फिरवत होते. तेवढ्यात खालून अक्कानं हाक मारली, कुणी बाई आल्यात म्हणून. जिना चढून वर आल्या त्या बोदवडच्या बाई. हातात साडूभाऊंची चिठ्ठी, चार घड्या पडलेली. पहाटेच्या गाडीनं जळगाव आणि तिथून एसटीनं धुळं करून आल्या होत्या. बसा म्हटलं तर बसेनात.

‘भाऊ, माफी मागाले आली मी,’ त्या म्हणाल्या. ‘त्या दिवशी खोटं बोलली. कॉम्प्युटर होता. तुमचा प्रोग्रामबी होता. जुना कॉम्प्युटर घेतला तं दुकानदारानंच टाकून दिला, म्हणे फुकट आहे. मी म्हटलं, इतकं चांगलं कोण फुकट देईन? चोरीचाच असंन. तरी वापरला. तुम्ही आले बॅग घेऊन, मले वाटलं आता धरलं. मंग परवा कॉम्प्युटरनं विचारलं, नवं टाकू का, मी हो म्हटलं, आणि प्रोग्राम गायब. मले समजलं, तुम्ही तुमचा माल परत घेतला. बरोबर केलं.’ मग त्यांनी चिठ्ठीची घडी पुन्हा घातली. ‘पण आमच्या ह्यांनी काढलेले मोर त्याच्यातच उघडतात, भाऊ. तो कंपनीच्या किल्लीवाला कॉम्प्युटर ह्यांच्यामागं बंदच पडला. हे गेले त्याले चार वर्षं झाले. मोर तेवढे राहिले. मले रीतीनं वापरू द्या, एवढं सांगाले आली.’

साडूभाऊ उठून उभे राहिले. हातातलं वांगं जाळात पडलं. मग जिन्याकडं धावत जाऊन ओरडले, ‘अवं, ऐकं का! तिसरा नई, तिसरी शे! तिसरी शे!’ आणि तिथंच कठड्याला धरून, माझ्यादेखत, बाईंच्यादेखत, हा सत्तरीचा माणूस रडला. मला तर बाई स्वतःला चोर समजत होत्या आणि मीही बाईंना, या हिशेबाचं हसूच येत होतं. पण हसायला गेलो आणि माझेच डोळे चुरचुरले. धुराचं निमित्त बरं होतं.

पुढं जे झालं ते फक्त साडूभाऊच करू जाणे. ‘परवानगी आहे,’ एवढं सांगून बाईंचं समाधान होईना, तेव्हा ते खाली गेले आणि त्या प्रोग्रामचा परवाना घेऊन आले, पाच पानी. म्हणाले, ‘भाऊ, तुम्ही मराठी करून सांगा. बठ्ठं सांगा, काही गाळू नका.’ भरीत निवत होतं, पुऱ्या वातड होत होत्या, आणि मी एकेक कलम सांगत होतो. तुम्हाला हा वापरायची मुभा आहे. दुसऱ्याला द्यायची मुभा आहे. उघडून आत बघायची, हवा तसा बदलायची मुभा आहे. बाई डोक्यावरची ओढणी सावरून, मान हलवत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिल्या. त्यांच्या शेजारी मांडी घालून साडूभाऊ. जन्मभर परवाने वाचणाऱ्या माणसाला ते ऐकणारं माणूस त्या दिवशी भेटलं. संपल्यावर बाईंनी विचारलं, ‘सही कुठं करू?’ साडूभाऊ म्हणाले, ‘ताई, सही लागत नाही.’ बाईंचा चेहरा पुन्हा पडला. मग साडूभाऊंनीच शेवटच्या पानाखाली दोन रेघा ओढल्या. एकीवर बाईंनी सही केली, एकीवर त्यांनी. साक्षीदार म्हणून मी. बाईंनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मग कुठं जेवायला बसल्या. भरीत पार थंड झालं होतं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं त्यांनी.

पॅकेज भांडारात परत गेलं नाही. मोठ्या साहेबांनी कळवलं, की पुन्हा घ्यायचं तर बांधणारे दोन जण हवेत आणि पुढं काही वर्षं सांभाळण्याची हमी हवी. साडूभाऊंनी बरेच दिवस ते पत्र टेबलावर ठेवलं, मग एकदा फाईलला लावलं. त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हात थोडा थरथरतो. काही वर्षांची हमी द्यायची म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना कळतं. पण बांधणं थांबलेलं नाही. थंडीत साडूभाऊ जळगावला माझ्याकडं मुक्कामाला येतात, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पॅसेंजरनं बोदवडला जातो, पेन ड्राइव्ह त्यांच्या खिशात आणि भरिताचा डबा माझ्या मांडीवर. बाई चादर बाजूला करतात, कॉम्प्युटर सुरू करतात, आणि मोर उघडेपर्यंत तिघंही श्वास रोखून बसतो.

प्रत्येक आवृत्तीबरोबर काय बदललं त्याची नोंद लिहायची असते, इंग्रजीत. आता ती वाचणारं जगात कुणी नाही, तरी ते लिहितात आणि माझ्यासमोर तपासायला ठेवतात. या वर्षीची नोंद एकाच ओळीची होती: बोदवडच्या ताईंच्या मशीनवर मोराच्या मानेपाशी हिरवा दोरा तुटत होता, तो आता तुटत नाही; धुळ्याला आल्यास चहाला अवश्य यावे, बसस्टँडपासून रिक्षा मिळते. मी लाल पेन हातात घेऊन ती ओळ तीनदा वाचली. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, ‘बरोबर आहे, साडूभाऊ. रिक्षासुद्धा राहू द्या.’